निषेध, अव्हेर आणि आरांत्सा किरोगा

ऑक्टोबर २०१५ मध्ये स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या विधिमंडळात एक ठराव दाखल झाला. 'स्वातंत्र्य आणि सहजीवन' या नावाची समिती नेमावी, सगळ्या पक्षांनी तिच्यात बसावं आणि बास्क स्वातंत्र्याच्या नावाने माणसं मारणाऱ्या एता या संघटनेच्या हिंसेनंतरचं सार्वजनिक जीवन कसं असावं यावर बोलावं, एवढीच त्याची मागणी. असे ठराव त्या सभागृहाला नवे नव्हते. खळबळ उडाली ती मसुद्यात नसलेल्या एका शब्दाने. समितीत येणाऱ्यांनी हिंसेचा 'निषेध' केलेला असावा, असं त्यात म्हटलेलं नव्हतं. हिंसेचा स्पष्ट 'अव्हेर' केलेला असावा, असं म्हटलं होतं.

ठराव मांडला होता पार्तिदो पोपुलार या उजव्या पक्षाने. माद्रिदमध्ये तेव्हा याच पक्षाचं सरकार होतं आणि एताने याच पक्षाचे नगरसेवक एकामागून एक मारले होते. मसुद्यामागे पक्षाच्या बास्क शाखेच्या अध्यक्षा आरांत्सा किरोगा होत्या. ठराव लगेचच मागे घ्यावा लागला. किरोगा काही दिवस लोकांसमोर आल्याच नाहीत, आणि १४ ऑक्टोबरला त्यांनी पद सोडलं, राजकारणही सोडलं. वय ४१, त्यातली जवळजवळ २० वर्षं याच कामात गेलेली.

या प्रकरणाकडे मी पहिल्यांदा वळलो तो शब्दामुळे. एक शब्द बदलला म्हणून एखाद्या बाईची कारकीर्द संपते, हे आधी पटत नाही. पण त्या शब्दाच्या मागे किती माणसं उभी आहेत हे कळत गेलं, तसं हे इतक्या वेगाने का घडलं तेही उमगत गेलं. किरोगांचा मसुदा चर्चेच्या लायक होता असं माझं मत आहे, आणि ते लपवायचं मला कारण दिसत नाही. तो मांडण्याची त्यांची पद्धत चुकली, हेही तितकंच खरं.

किरोगा इरुनच्या. बिदासोआ नदीच्या अलीकडे इरुन, पलीकडे फ्रान्समधलं आंदाय. मधला पूल चालत ओलांडता येतो. सीमेवरचं गाव म्हटलं की जकात, रेल्वे आणि मालवाहतूक आलीच, आणि स्पेनच्या इतर भागांतून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबंही आली. गिपुस्कोआ प्रांतातल्या अशा गावांत बास्क राष्ट्रवाद न मानणाऱ्या पक्षांना थोडा का होईना आधार होता. किरोगा तरुण वयात पोपुलार पक्षाच्या युवा शाखेत आल्या आणि नव्वदच्या दशकात इरुनच्या नगरपालिकेत नगरसेविका झाल्या.

त्या वर्षांत तिथे या पक्षाचा नगरसेवक असणं म्हणजे काय होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

२३ जानेवारी १९९५ रोजी सान सेबास्तियानच्या जुन्या शहरातल्या एका बारमध्ये ग्रेगोरिओ ओर्दोन्येस सहकाऱ्यांबरोबर जेवत बसले होते. गिपुस्कोआतला पक्षाचा सगळ्यात लोकप्रिय नेता, शहराचा उपमहापौर. एताच्या माणसाने आत येऊन त्यांच्या डोक्यात गोळी घातली. त्याच टेबलावर मारिया सान खिल नावाची तरुण कार्यकर्ती होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. जुलै १९९७ मध्ये एर्मुआचा नगरसेवक मिगेल आंखेल ब्लांको याला पळवून नेलं, एताच्या कैद्यांना बास्क प्रदेशात हलवण्यासाठी सरकारला ४८ तासांची मुदत दिली आणि मुदत संपताच त्याला मारलं. सगळ्या स्पेनमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले.

रेन्तेरिया गावाची गोष्ट मला त्याहून जास्त छळते. तिथला पोपुलार पक्षाचा नगरसेवक होसे लुइस कासो याला ११ डिसेंबर १९९७ रोजी मारलं, आणि तेही किरोगांच्या इरुनमधल्याच एका बारमध्ये. नगरपालिकेतली त्याची जागा रिकामी झाली. यादीतल्या पुढच्या माणसाने ती घ्यायची असते. मान्युएल सामारेन्यो यांनी ती घेतली. साधारण महिन्याभराने, २५ जून १९९८ ला, ते सकाळी पाव आणायला बाहेर पडले. परत येताना रस्त्याकडेला लावलेल्या दुचाकीतला बॉम्ब फुटला. एका खुर्चीवर लागोपाठ बसलेले दोन नगरसेवक, दोघांनाही मारलं. नगरपालिकेतली एक जागा भरायची एवढंच काम, पण त्यासाठी घरच्यांशी काय बोलावं लागत असेल याचा विचार करून पाहा.

या पक्षाच्या आणि समाजवादी पक्षाच्या साध्या नगरसेवकांनाही अंगरक्षक घेऊन फिरावं लागे. सकाळी गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून तळ बघायचा, रोज वेगळ्या रस्त्याने जायचं, ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी कॉफी घ्यायची नाही. एका सबंध पिढीचं राजकारण असं झालं. १९९८ मध्ये किरोगा बास्क विधिमंडळात निवडून आल्या, त्या याच पिढीतून. त्यांनी २०१५ मध्ये जे केलं ते बाहेरून येऊन उपदेश करणाऱ्याने केलेलं नव्हतं. म्हणून ते इतकं लागलं, आणि म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं.

आता विधिमंडळाबद्दल थोडं. वितोरिया-गास्तेइस शहरातल्या या सभागृहात ७५ जागा आहेत. आराबा, बिस्काइया आणि गिपुस्कोआ या तीन प्रांतांना प्रत्येकी २५. लोकसंख्येचा हिशेब यात नाही. बिस्काइयात आराबापेक्षा तिपटीहून जास्त माणसं राहतात, तरी जागा सारख्याच. जुन्या प्रांतिक हक्कांचा मान राखण्याची ही रीत आहे. तिचा एक परिणाम असा की आराबा प्रांतात जोर असलेल्या पोपुलार पक्षाला आपल्या एकूण मतांच्या मानाने बरं बळ मिळत असे, आणि पक्षाच्या आत आराबाच्या मंडळींचा शब्दही जड असे. किरोगा गिपुस्कोआच्या. हा धागा पुढे लागेल.

मार्च २००९ च्या निवडणुकीत बास्क राष्ट्रवादी पक्ष ३० जागा घेऊन पहिला आला. समाजवाद्यांना २५ मिळाल्या, पोपुलार पक्षाला १३. पंचवीस आणि तेरा अडतीस, म्हणजे काठावरचं बहुमत. तीन दशकं सत्तेत असलेला राष्ट्रवादी पक्ष पहिल्यांदा बाहेर बसला. समाजवादी पाची लोपेस प्रदेशाचे प्रमुख झाले. या पदाला तिथे लेहेन्दाकारी म्हणतात, 'लेहेन' म्हणजे पहिला. पोपुलार पक्ष सरकारात गेला नाही, पण बाहेरून पाठिंब्याच्या बदल्यात विधिमंडळाचं अध्यक्षपद त्याला मिळालं. ते किरोगांकडे आलं. पस्तिशीतल्या किरोगा त्या पदावर बसलेल्या पोपुलार पक्षाच्या पहिल्या व्यक्ती ठरल्या.

बास्क भाषेत या पदाचं नाव लेगेबिल्त्सारबुरू. लेगे म्हणजे कायदा, बिल्त्सार म्हणजे सभा, बुरू म्हणजे डोकं. त्यांच्या आधी तिथे राष्ट्रवादी पक्षाच्या इसास्कुन बिल्बाओ होत्या, नंतर त्याच पक्षाच्या बाकार्चो तेखेरिआ आल्या. लागोपाठ तीन बायकांनी ही खुर्ची चालवली.

मात्र २००९ च्या त्या बहुमताला एक कड होती, तीही सांगायला हवी. एताशी जोडलेल्या डाव्या राष्ट्रवाद्यांच्या याद्या कोर्टाने निवडणुकीआधीच रद्द केल्या होत्या. त्यांच्या सुमारे १ लाख मतदारांनी बाद ठरणारी मतं टाकली. ती मतं मोजणीत धरली असती तर ३८ चा आकडा जमला नसता, असं राष्ट्रवादी मंडळी वर्षानुवर्षं म्हणत राहिली. किरोगा ज्या सभागृहाच्या डोक्यावर बसल्या, त्यातला एक कोपरा रिकामा होता. तो का रिकामा आहे आणि कधी भरावा, हा प्रश्न त्यांच्यासमोर अध्यक्ष म्हणून होता. पक्षाध्यक्षा झाल्यावरही तो सुटला नाही.

तो रिकामा कोपरा त्या शब्दाशीच जोडलेला होता.

२००२ मध्ये स्पेनने राजकीय पक्षांचा नवा कायदा केला. दहशतवादाला राजकीय आधार देणाऱ्या पक्षावर बंदी घालता येईल, अशी तरतूद त्यात आली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला सांता पोला या समुद्रकाठच्या गावी एताच्या गाडीबॉम्बने दोघांचा जीव घेतला. त्यातली एक सहा वर्षांची मुलगी. एताशी जोडलेल्या डाव्या राष्ट्रवाद्यांच्या बातासुना या पक्षाने निषेध केला नाही. मार्च २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर बंदी घातली आणि २००९ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ती उचलून धरली. त्या काळापासून 'निषेध करता की नाही' हा बास्क राजकारणातला हजेरीचा प्रश्न झाला. स्पॅनिशमध्ये 'कोंदेना'. पत्रकार माइक पुढे करून एवढंच विचारत, आणि समोरचा वळसा घालून दुसरं काहीतरी बोले. वर्षानुवर्षं हे चाललं.

मग फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच डाव्या राष्ट्रवाद्यांनी सोर्तू नावाचा नवा पक्ष नोंदवायला घेतला. त्याच्या घटनेत त्यांनी हिंसेचा, एताच्या हिंसेचाही नाव घेऊन, 'रेचासो' केला. कोंदेना नाही, रेचासो. सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ७ मतांनी नोंदणी नाकारली. एताने २० ऑक्टोबर २०११ ला शस्त्रं कायमची थांबवल्याचं जाहीर केलं. जून २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ६ विरुद्ध ५ मतांनी सोर्तूला मान्यता दिली. कायद्यापुरता 'रेचासो' पुरला, आणि तोही एका मताने.

मराठीत हे दोन शब्द पकडताना माझी बरीच ओढाताण झाली. 'कोंदेना'ला निषेध म्हणता येतं, तरी आपला निषेध मुळात मनाई सांगणारा शब्द आहे. विधी आणि निषेध अशी जोडी आपण लावतो. वर्तमानपत्रांनी तो घासून घासून गुळगुळीत केला आहे. कोंदेनात न्यायाधीशाने शिक्षा सुनावल्याचा सूर आहे, धिक्काराच्या जवळ जाणारा. 'रेचासो'ला नुसता नकार म्हटलं तर फार सौम्य होतं. त्यात हाताने दूर लोटण्याची क्रिया आहे. अव्हेरणं, झिडकारणं. बास्क भाषेत तर निषेधाचं क्रियापद गाइत्सेत्सी आहे, म्हणजे शब्दशः 'वाईट मानणं'. हा शब्द उच्चारणारा झालेल्या गोष्टीबद्दल निवाडा देतो: ते वाईट होतं. अव्हेरणारा मात्र म्हणतो, मला ते नको. निवाडा मागे बघतो, अव्हेर पुढे. ज्याच्या बापाला मारलं त्याला मागचं हवं असतं. त्याला 'यापुढे नाही' पुरत नाही, 'तेव्हाही चूक होतं' हे ऐकायचं असतं. आणि ज्याने अर्धं आयुष्य त्या संघटनेच्या सावलीत घालवलं, त्याच्या जिभेवर नेमकं तेच येत नाही.

किरोगांनी २०१५ मध्ये आपल्या ठरावात जो शब्द घातला, तो सोर्तूच्या घटनेतला होता. कायद्याने पुरेसा मानलेला, पण पक्षाच्या घरात परक्याचा. योगायोगाने तो निवडला गेला असेल असं मला वाटत नाही. समोरचा ज्या शब्दावर येऊन थांबला होता तिथेच त्याला भेटायचं, असा त्यात हिशेब दिसतो.

त्या हिशेबापर्यंत त्या कशा पोचल्या? २०१२ च्या मे महिन्यात पोपुलार पक्षाने लोपेस सरकारचा पाठिंबा काढला, ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली. राष्ट्रवादी पक्ष २७, बिल्दू आघाडी २१, समाजवादी १६, पोपुलार १०. बिल्दू म्हणजे तोच रिकामा कोपरा, आता भरलेला आणि दुसऱ्या क्रमांकाचा. २००१ मध्ये मित्रपक्षासह १९ जागा जिंकणारा पोपुलार पक्ष दहावर आला होता. एता गेल्यावर मतदार बक्षीस देतील असं कुणाला वाटलं असेल, तर तसं झालं नाही. लोकांना नोकऱ्या, कर, दवाखाने यांबद्दल ऐकायचं होतं, आणि पक्षाची सगळी भाषा एताच्या विरोधात घडलेली होती.

२०१३ च्या मे महिन्यात अध्यक्ष आंतोनियो बासागोइती राजकारण सोडून मेक्सिकोला बँकेच्या नोकरीवर गेले. त्यांची जागा किरोगांना मिळाली. पुढच्या मार्चमध्ये पक्षाच्या अधिवेशनात त्यांची निवड पक्की झाली, पण तीच वेळ फाटाफुटीची ठरली. सरचिटणीस इन्याकी ओयार्साबाल आराबाचे. किरोगांनी त्यांना बदलून नेरेआ यानोस यांना आणलं. आराबाची मंडळी दुखावली ती दुखावलीच. त्यांचे मोठे नेते आल्फोन्सो आलोन्सो त्याच वर्षाअखेर पंतप्रधान मारियानो राखोय यांच्या सरकारात आरोग्यमंत्री झाले, म्हणजे त्यांचा आवाज थेट माद्रिदच्या मंत्रिमंडळात. किरोगांच्या मागे असं कुणी नव्हतं. गिपुस्कोआचे बोर्खा सेम्पर त्यांच्या विचाराचे होते, पण गिपुस्कोआ हा पक्षाचा सगळ्यात अशक्त प्रांत.

दुसऱ्या बाजूनेही आग लागली होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने कैद्यांची शिक्षा मागाहून लांबवण्याची स्पेनची पद्धत चुकीची ठरवली आणि एताचे बरेच कैदी तुरुंगातून सुटले. बळींच्या संघटना राखोय सरकारवर संतापल्या. त्या संतापातून वोक्स हा पक्ष जन्मला. त्याच्या संस्थापकांत सांतियागो आबास्काल होते, जे बास्क पोपुलार पक्षाचे आमदार राहिले होते, आणि होसे आंतोनियो ओर्तेगा लारा, ज्यांना एताने ५३२ दिवस एका अंधाऱ्या भुयारी कोठडीत कोंडलं होतं. म्हणजे किरोगा ज्या घरातून आल्या त्याच घरातली माणसं 'तुम्ही विकले गेलात' असं म्हणत बाहेर पडत होती. अशा वेळी 'निषेध' हा शब्द सोडणं किती महागात जाईल हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता.

मे २०१५ च्या स्थानिक निवडणुकीत वितोरियाचं महापौरपद गेलं, आराबा प्रांताची सत्ताही गेली. वितोरियात पक्ष पहिला आला होता, तरी इतर सगळे एकत्र आले आणि राष्ट्रवादी पक्षाचा महापौर बसला. किरोगांच्या मसुद्याची मुळं इथे आहेत असं मला वाटतं. पक्ष एकटा पडला होता. सगळ्यांनी मिळून त्याला बाहेर ठेवता येतं हे एकदा सिद्ध झालं, की पुढच्या वेळी ते आणखी सोपं जातं. कुठेतरी टेबलावर परत बसायला हवं होतं.

आणि टेबल खरोखर रिकामं होतं. विधिमंडळाने २०१३ मध्ये 'शांतता आणि सहजीवन' या नावाची समिती नेमली होती. पोपुलार पक्षाने तिच्यात बसायला नकार दिला. चर्चेआधी सगळ्यांनी एक किमान 'नैतिक पाया' मान्य करावा असा आग्रह होता; बिल्दू तो मान्य करेना, पुढे समाजवादीही उठून गेले. समिती कागदावर राहिली. स्पॅनिशमधला 'कोन्विवेन्सिया' हा शब्द, ज्याला मी सहजीवन म्हणतो आहे, खरं तर आपल्या 'नांदणं' या क्रियापदाच्या जवळचा आहे. एका गावात, एका जिन्यात, एकमेकांना रोज दिसत राहणं. रेन्तेरियात सामारेन्यो यांच्या घरच्यांना दुकानात, शाळेच्या दारात कोण कोण भेटत असेल, हा प्रश्न कुठल्याही समितीच्या नावापेक्षा मोठा आहे.

किरोगांनी नाव बदललं. 'शांतता' काढून 'स्वातंत्र्य' घातलं, कारण शांतता म्हटलं की दोन सैन्यांमधलं युद्ध संपल्याचा भास होतो, आणि बळींच्या मते ते युद्ध नव्हतंच. एक बाजू मारत होती आणि दुसरी मरत होती. हा बदल आपल्या घरच्यांसाठी होता. 'निषेध' काढून 'अव्हेर' घातला, तो समोरच्यांसाठी. दोन्ही बाजूंना एकेक पाऊल. कागदावर हा तोल मला आजही विचारपूर्वक वाटतो.

कागदाबाहेर मात्र तो एक दिवसही उभा राहिला नाही. बातमी फुटताच पहिला प्रश्न आला तो, 'माद्रिदला माहीत होतं का?' पक्षातल्या मोठ्या नेत्यांनी हात झटकले. बळींच्या संघटना भडकल्या. अडीच महिन्यांवर, २० डिसेंबरला, देशाची सार्वत्रिक निवडणूक होती. राखोय यांना चोहीकडून ओढ होती, उजवीकडून जास्त. अशा वेळी एका प्रादेशिक शाखेने एताशी जोडलेल्यांसाठी दार किलकिलं केलं, ही बातमी त्यांना कशी परवडणार? पक्षश्रेष्ठींकडून ठराव मागे घ्यायला लावला गेला. किरोगांनी तो मागे घेतला, आणि ज्या नेत्याचा स्वतःचा ठराव त्याच्याच हातून मागे घ्यायला लावला जातो, त्याच्या हातात नंतर काय राहतं?

इथे मला त्यांची चूक दिसते. मसुदा आधी तीन ठिकाणी वाचून दाखवायला हवा होता. आराबाच्या मंडळींना, त्यांच्याशी भांडण असलं तरी, किंबहुना होतं म्हणूनच. माद्रिदला. आणि सगळ्यात आधी कुठल्यातरी बळीच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. त्या घरातल्या एखाद्या विधवेने 'मला हे पटत नाही, पण तुम्ही का करताय ते कळलं' एवढं म्हटलं असतं, तरी पुढच्या आठवड्याचा रंग वेगळा असता. ज्यांचा शब्द तुम्ही बदलताय, त्यांना तो वर्तमानपत्रातून कळू नये. किरोगांपाशी हक्क होता, कारण त्या स्वतः त्या भीतीत जगल्या होत्या. पण हक्क असला म्हणून परवानगी आपोआप मिळत नाही.

तरीही सगळा दोष त्यांच्या पदरात टाकायला मी तयार नाही. मारिया सान खिल आठवतात? ओर्दोन्येस यांच्या टेबलावरची ती तरुणी पुढे बास्क पोपुलार पक्षाची अध्यक्षा झाली. २००८ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनासाठी राजकीय मसुदा लिहिणाऱ्यांत त्या होत्या. राखोय यांच्या नेतृत्वावरचा विश्वास उडाला म्हणत त्या बाहेर पडल्या. पक्ष राष्ट्रवाद्यांबाबत मऊ होतोय अशी त्यांची तक्रार होती. सात वर्षांनी त्याच खुर्चीवरून, त्याच राखोय यांच्या काळात, किरोगा गेल्या, कारण त्या जास्त मऊ झाल्या असं पक्षाला वाटलं. दोघी गिपुस्कोआच्या, दोघींनी अंगरक्षकांसह तारुण्य काढलं, दोघींचं पद एका मसुद्यावरून गेलं आणि दोघींच्या दिशा अगदी उलट. कठोर राहिलात तरी अडचण, सैल झालात तरी अडचण. अडचण ठरवणार माद्रिद, त्या त्या वर्षीची हवा बघून.

किरोगांच्या जागी आलोन्सो आले. श्रेष्ठींच्या जवळचा, मंत्रिमंडळात बसलेला माणूस. २०१६ च्या प्रादेशिक निवडणुकीत पक्षाला ९ जागा मिळाल्या, म्हणजे माद्रिदच्या वजनाने तोटा थांबला नाही. आणि २०२० मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या तोंडावर, पक्षाचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष पाब्लो कासादो यांच्या नेतृत्वाने आलोन्सो यांनाच बाजूला करून कार्लोस इतुर्गाइस यांना पुढे केलं. ज्यांनी किरोगांची जागा घेतली त्यांनाही तोच दरवाजा दाखवला गेला. बोर्खा सेम्पर त्याच वर्षीच्या जानेवारीत राजकारण सोडून गेले. तीन वर्षांनी ते परत आले ते थेट माद्रिदमध्ये, पक्षाचे प्रवक्ते म्हणून. किरोगा परत आल्या नाहीत.

एताने एप्रिल २०१७ मध्ये शस्त्रं दिली आणि मे २०१८ मध्ये संघटना विसर्जित केली. आठशेहून जास्त माणसं मारून. ऑक्टोबर २०२१ मध्ये, शस्त्रं थांबवल्याला दहा वर्षं होताना, डाव्या राष्ट्रवाद्यांचे नेते आर्नाल्दो ओतेगी यांनी बळींच्या वेदनेबद्दल खेद व्यक्त केला आणि हे कधी घडायला नको होतं असं म्हटलं. मागे बघण्याच्या दिशेने त्यांनी टाकलेलं हे सगळ्यात मोठं पाऊल होतं, आणि तरीही त्या वाक्यात कोंदेना नव्हतं.

एप्रिल २०२४ मध्ये बास्क निवडणुकीला जेमतेम काही दिवस उरले होते. बिल्दूचे उमेदवार पेयो ओचांदियानो रेडिओच्या मुलाखतीत बसले. एता सक्रिय होती तेव्हाच्या राजकारणाशी फारसा संबंध नसलेला, नव्या पिढीचा माणूस. त्यांना विचारलं गेलं, एता ही दहशतवादी संघटना होती का? त्यांनी 'सशस्त्र गट' म्हटलं आणि 'दहशतवादी' हा शब्द टाळला. पुढचे दोन दिवस प्रचारात दुसरं काही बोललं गेलं नाही. शेवटी बळींना दुखावलं असेल तर माफी मागतो, असं त्यांना म्हणावं लागलं. मतदान झालं. बिल्दू २७, राष्ट्रवादी पक्ष २७. पोपुलार पक्ष ७.